जहाजांच्या जाती आणि शब्दांचे वजन

साहित्याच्या अभ्यासकाला वर्गीकरणाचा प्रश्न नवा नाही. लघुकथा कोठे संपते आणि दीर्घकथा कोठे सुरू होते, दीर्घकथेला कादंबरिका म्हणावे की छोटी कादंबरी, बखर हा इतिहास की आख्यान, असे प्रश्न आपण वर्गात वर्षानुवर्षे हाताळत असतो. हे वाद बहुधा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे जात नाहीत. एखाद्या कथेला कादंबरी म्हटले म्हणून कोणाचा पगार वाढत नाही आणि कादंबरीला कथा म्हटले म्हणून दोन राष्ट्रांमधला तह मोडत नाही. पण मानवी व्यवहारात एक क्षेत्र असे आहे की जेथे प्रकारनामाच्या एका शब्दावर पगार, अंदाजपत्रक, आंतरराष्ट्रीय करार आणि प्रसंगी माणसांचे प्राण अवलंबून राहिले. ते क्षेत्र म्हणजे नौदलांनी केलेले आपल्या जहाजांचे वर्गीकरण. हा विषय वरवर पाहता तांत्रिक वाटेल. परंतु शब्द आणि वस्तू यांचा संबंध किती लवचीक आणि किती स्वार्थी असू शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण भाषेच्या विद्यार्थ्याला क्वचितच सापडेल. म्हणून त्याचा थोडा इतिहास येथे मांडत आहोत. या इतिहासाचे एक टोक आपल्या कोकण किनाऱ्यालाही बांधलेले आहे. तेथे आपण शेवटी येऊ.

तोफा मोजण्याची रीत

आधुनिक वर्गीकरणाचे मूळ शोधताना सतराव्या शतकातील इंग्लंडकडे जावे लागते. आपल्या रोजनिशीमुळे इंग्रजी वाङ्मयात अमर झालेला सॅम्युएल पीप्स हा व्यवसायाने नौदलाचा कारभारी होता. जहाजांची प्रतवारी त्याच्या आधीपासून होत असे. १६७७ मध्ये त्याने तिला नेमके रूप दिले. जहाजावर तोफा किती आणि माणसे किती, यावरून सहा दर्जे ठरले. पुढच्या शतकात ते साधारण असे स्थिरावले : शंभर किंवा अधिक तोफांचे जहाज पहिल्या दर्जाचे, नव्वदच्या आसपास तोफांचे दुसऱ्या, चौसष्ट ते ऐंशी तोफांचे तिसऱ्या, आणि याप्रमाणे उतरत वीस-अठ्ठावीस तोफांच्या सहाव्या दर्जापर्यंत. १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सनचे निशाण ज्यावर होते ते ‘व्हिक्टरी’ १०४ तोफांचे, म्हणजे पहिल्या दर्जाचे. इंग्रजी भाषेत उत्तम, मध्यम आणि टाकाऊ वस्तूंसाठी ‘फर्स्ट-रेट’, ‘सेकंड-रेट’, ‘थर्ड-रेट’ असे जे शब्द रूढ झाले ते या दर्जांवरूनच. एखाद्या कवीला ‘थर्ड-रेट’ म्हणणाऱ्या समीक्षकाला बहुधा ठाऊक नसते की चौऱ्याहत्तर तोफांचे तिसऱ्या दर्जाचे जहाज हाच ब्रिटिश आरमाराचा कणा होता.

या प्रतवारीत केवळ लढाऊ सामर्थ्य मोजले जात होते असे समजणे मात्र भोळेपणाचे ठरेल. कप्तानाचा पगार जहाजाच्या दर्जावर ठरत असे. जहाजावर किती अधिकारी, किती सुतार, किती रसद द्यायची हेही त्यावरूनच ठरे. सहाव्या दर्जाखालची जहाजे ‘दर्जाबाहेरची’. त्यांवर कप्तान नव्हे तर त्याच्या खालच्या हुद्द्याचा कमांडर नेमला जाई. अशा जहाजाला ‘स्लूप’ म्हणत. बांधणीच्या भाषेत स्लूप म्हणजे एका डोलकाठीचे विशिष्ट शिडांचे तारू. पण नौदलाच्या कागदावर दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे जहाजही स्लूप होऊ शके, कारण तेथे शब्दाचा अर्थ डोलकाठीकडे पाहून ठरत नव्हता, वर उभ्या असलेल्या माणसाच्या हुद्द्याकडे पाहून ठरत होता. वर्गीकरणाच्या इतिहासातला पहिला धडा येथेच मिळतो. नाव वस्तूला दिलेले दिसते, पण ते पुष्कळदा वस्तूभोवतीच्या व्यवस्थेला दिलेले असते.

दुसरा धडा मोजण्याविषयी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्यात आखूड, हलकी पण जवळून भयंकर मारा करणारी तोफ तयार झाली. तिला ‘कॅरोनेड’ म्हणत. जहाजांवर ती भराभर चढली; पण दर्जा ठरवताना ती मोजायची नाही असा परिपाठ पडला. परिणामी अडतीस तोफांच्या म्हणून नोंदलेल्या जहाजावर प्रत्यक्षात सेहेचाळीस किंवा त्याहून अधिक तोफा असत. असा प्रकार सगळीकडेच चालू होता. १८१२ च्या अमेरिकेबरोबरच्या युद्धात चव्वेचाळीस तोफांच्या म्हणवणाऱ्या अमेरिकन फ्रिगेटींनी एकापाठोपाठ तीन ब्रिटिश फ्रिगेटी हरवल्या तेव्हा लंडनमध्ये मोठी खळबळ उडाली. ही जहाजे फ्रिगेटी नव्हेतच, वेषांतर केलेली मोठ्या रांगेतली जहाजे आहेत, असा युक्तिवाद तेव्हा करण्यात आला. पराभवाचे शल्य शब्दाच्या दारात नेऊन ठेवण्याची ही रीत पुढेही अनेकदा दिसते. हा अनुभव ताजा असतानाच १८१७ मध्ये ब्रिटिश नौदलाने कॅरोनेडही मोजायच्या असा हुकूम काढला आणि एका दिवसात अनेक जहाजांची संख्या कागदावर वाढली.

याच वर्षी मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागाची एक फ्रिगेट तयार झाली. तिचे नाव ‘त्रिंकोमाली’. बांधायला घेतली तेव्हा ती अडतीस तोफांची होती. नव्या मोजणीने ती सेहेचाळीस तोफांची ठरली. लाकूड तेच, कारागीर तेच. १८४०च्या दशकात तिच्या तोफा कमी करून तिला ‘कॉर्व्हेट’ करण्यात आले. पुढे ती प्रशिक्षणाचे जहाज झाली, ‘फूद्रोयां’ हे दुसऱ्याच जहाजाचे नाव तिला मिळाले आणि १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळाले. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. पाचव्या दर्जाची फ्रिगेट, कॉर्व्हेट, शाळा, संग्रहालय : सागवानाच्या एकाच देहाने किती जन्म घेतले! जहाजाचा प्रकार हा त्याच्या लाकडात नसतो, नोंदवहीत असतो, याचा मुंबईत घडलेला हा पुरावा आहे.

माप मोडते तेव्हा

१८५९ मध्ये फ्रान्सने ‘ला ग्लुआर’ हे लोखंडी चिलखताचे जहाज पाण्यात सोडले. त्याला उत्तर म्हणून ब्रिटनने १८६० मध्ये ‘वॉरियर’ पाण्यात सोडले. लोखंडाचा सांगाडा, लोखंडाचे कवच, वाफेचे इंजिन आणि जोडीला शिडे. त्या क्षणी जगातील कोणतेही जहाज त्याच्यापुढे टिकले नसते. पण त्याच्या मुख्य तोफा एकाच मजल्यावर होत्या आणि जुन्या पद्धतीत एका मजल्याचे जहाज म्हणजे फ्रिगेट. म्हणून जगातील सर्वांत बलाढ्य जहाज कागदावर लाकडी, तीन मजली, कालबाह्य जहाजांच्या खाली नोंदवले गेले. नवी वस्तू जुन्या खणात बसवताना नेहमी हेच होते. वाङ्मयाच्या इतिहासात नवकथेला जुन्या गोष्टीच्या मापाने मोजणाऱ्यांची जी पंचाईत झाली तिची येथे आठवण व्हावी. माप चुकीचे नव्हते. ज्या जगासाठी ते केले होते ते जग संपले होते.

तोफांची मोजणी निरुपयोगी झाल्यावर नौदलांनी कामावरून नावे द्यायला सुरुवात केली. रांगेत उभे राहून लढणारे ते ‘बॅटलशिप’; दूरच्या समुद्रात फिरून व्यापाराचे रक्षण करणारे ते ‘क्रूझर’. या काळातील सर्वांत बोलका शब्द म्हणजे ‘डिस्ट्रॉयर’. मराठी वृत्तपत्रांत त्याला ‘विनाशिका’ असा भारदस्त प्रतिशब्द रूढ आहे. विनाशिका म्हटले की सर्वसंहारक, प्रचंड असे काही डोळ्यांपुढे येते. मूळ शब्द मात्र फार नम्र होता. १८७०च्या दशकापासून टॉर्पेडो घेऊन धावणाऱ्या लहान, स्वस्त, वेगवान बोटींनी मोठ्या जहाजांच्या उरात धडकी भरवली होती. या बोटींचा समाचार घेण्यासाठी ब्रिटनने १८९३ च्या सुमारास ‘हॅव्हॉक’ आणि ‘हॉर्नेट’ अशी थोडी मोठी, तितकीच चपळ जहाजे तयार केली. त्यांना ‘टॉर्पेडो-बोट-डिस्ट्रॉयर’ म्हणत. म्हणजे हा षष्ठी तत्पुरुष होता. विनाश कशाचा, तर टॉर्पेडो बोटींचा! पुढे त्या बोटी नाहीशा झाल्या आणि समासातले पूर्वपदही गळून पडले. ‘मोबाइल फोन’मधला फोन जाऊन ‘मोबाइल’ उरावा तसा ‘डिस्ट्रॉयर’ उरला. आपण मराठीत भाषांतर केले ते या उरलेल्या पदाचे. कर्म हरवलेल्या धातूला आपण ‘विनाशिका’ म्हणून देवीचे रूप दिले. मांजरापासून उंदीर नाहीसे करणाऱ्याला ‘संहारक’ म्हणावे तसे हे झाले. प्रतिशब्द करताना शब्दाचा अर्थ पाहणे पुरेसे नसते, शब्दाने काय टाकून दिले आहे तेही पाहावे लागते, हे भाषांतराच्या विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

नाव विचाराला कसे वळण लावते याचे एक दुःखद उदाहरण याच काळातले आहे. बॅटलशिपच्या तोफा, पण पातळ चिलखत आणि अधिक वेग अशा जहाजांना ब्रिटनने १९११ मध्ये ‘बॅटलक्रूझर’ हे अधिकृत नाव दिले. शब्दात ‘बॅटल’ आले. मग मोठ्या लढाईतही ती उतरली. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत अशी तीन ब्रिटिश जहाजे स्फोटाने फुटली. दारूगोळा हाताळण्यातील निष्काळजीपणा हे त्याचे मोठे कारण होते, सगळा दोष नावाला देता येणार नाही. तरीही ज्याच्या तोफा बरोबरीच्या त्याने बरोबरीने उभे राहावे, हा भ्रम त्या जोडशब्दाने पोसला असे म्हणावेसे वाटते. याच जातीचे ‘हुड’ २४ मे १९४१ रोजी बुडाले तेव्हा १,४१८ माणसांपैकी फक्त ३ वाचली.

तहाच्या कागदावरची जहाजे

पहिल्या महायुद्धानंतर वर्गीकरण नौदलांच्या कचेऱ्यांतून निघून मुत्सद्द्यांच्या टेबलावर आले. ६ फेब्रुवारी १९२२ रोजी वॉशिंग्टन येथे झालेल्या तहाने ब्रिटन, अमेरिका, जपान, फ्रान्स आणि इटली यांच्या मोठ्या जहाजांवर मर्यादा घातली. ब्रिटन व अमेरिका यांना प्रत्येकी ५,२५,००० टन, जपानला ३,१५,००० टन, फ्रान्स व इटली यांना प्रत्येकी १,७५,००० टन. आता ‘मोठे जहाज’ म्हणजे काय, हे शब्दांत सांगणे भाग पडले. विमानवाहू नसलेले आणि १०,००० टनांहून अधिक वजनाचे, किंवा आठ इंचांहून मोठी तोफ असलेले, अशी व्याख्या झाली. मग वजन कशाला म्हणायचे? माणसे, दारूगोळा, अन्न व पिण्याचे पाणी धरायचे, इंधन मात्र धरायचे नाही, असे ‘प्रमाण वजन’ ठरले. व्याख्या जितकी काटेकोर तितकी तिच्या कडेने चालण्याची वाट स्पष्ट. सगळी नौदले बरोबर १०,००० टन आणि बरोबर आठ इंच अशी जहाजे बांधू लागली. कमाल मर्यादा हीच किमान अपेक्षा होऊन बसली.

१९३० च्या लंडन तहाने क्रूझरांचे दोन भाग केले. १५५ मिलिमीटरपर्यंतच्या तोफांची ती हलकी, त्याहून मोठ्या तोफांची ती जड. येथे ‘हलकी’ हा शब्द जहाजाच्या वजनाविषयी काहीच सांगत नव्हता. जपानने ‘मोगामी’ वर्गाच्या जहाजांवर १५५ मिलिमीटरच्या १५ तोफा बसवल्या आणि त्यांना हलक्या क्रूझर म्हटले. तोफांचे बुरूज असे योजले होते की पुढे ते काढून मोठ्या तोफा बसवता याव्यात. तहाची बंधने संपताच तसेच झाले. १५५ च्या जागी २०३ मिलिमीटरच्या तोफा आल्या. जर्मनीची गोष्ट याहून मजेशीर. व्हर्सायच्या तहाने तिला १०,००० टनांहून मोठे चिलखती जहाज बांधण्यास मनाई होती. तिने या मर्यादेत बसतात असे सांगून तीन जहाजे बांधली आणि त्यांना ‘पान्झरशिफ’, म्हणजे नुसते ‘चिलखती जहाज’, असे नाव दिले. इंग्रज पत्रकारांनी त्यांचे बारसे ‘खिशातली बॅटलशिप’ असे केले. १९४० मध्ये खुद्द जर्मनीने उरलेल्या दोन जहाजांना ‘जड क्रूझर’ म्हणून नोंदवले. त्यांतल्या एकाचे नाव आधी ‘डॉइचलंड’ होते. या नावाचे जहाज बुडाले तर बातमी ‘जर्मनी बुडाला’ अशी होईल, या भीतीने ते बदलून ‘ल्युत्सो’ केले गेले. शब्दाच्या सामर्थ्यावर कवींपेक्षा नौदलांचा विश्वास अधिक असावा!

नाव बदलून वस्तू झाकण्याचा खेळ विमानवाहू नौकांच्या बाबतीत कळसाला पोचला. १९३६ च्या माँत्रो करारानुसार काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्रात उतरणाऱ्या तुर्की सामुद्रधुनीतून काळ्या समुद्राच्या राष्ट्रांची मोठी युद्धजहाजे जाऊ शकत. पण ‘मोठे युद्धजहाज’ या व्याख्येतून विमानवाहू नौका वगळलेल्या होत्या. सोव्हिएत संघाची मोठी गोदी काळ्या समुद्राजवळ निकोलायेव येथे होती. तेथे बांधलेल्या ‘किएव्ह’चे अधिकृत नाव म्हणून ‘विमाने वाहणारी जड क्रूझर’ असे पडले. १९७६ मध्ये ती या सामुद्रधुनीतून बाहेर पडली आणि तुर्कस्तानने हरकत घेतली नाही. तिच्यावर लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे होती, तेव्हा ‘क्रूझर’ हा शब्द अगदीच खोटा नव्हता. पण खरा कितपत होता? विमानवाहू नौका हे साम्राज्यवाद्यांचे आक्रमक हत्यार, असा प्रचार सोव्हिएत संघाने वर्षानुवर्षे केला होता, त्यामुळेही तो शब्द टाळणे सोयीचे होते. या वर्गातील चौथे जहाज पुढे भारताने घेतले, आमूलाग्र बदलले आणि १६ नोव्हेंबर २०१३ रोजी ते ‘आयएनएस विक्रमादित्य’ म्हणून नौदलात दाखल झाले. आपण जिला विमानवाहू नौका म्हणतो तिचा जन्म क्रूझर म्हणून झाला होता.

लोकशाही राष्ट्रांनाही ही कला अवगत आहे. १९६६ मध्ये ब्रिटनने खर्चापायी मोठी नवी विमानवाहू नौका रद्द केली. पुन्हा तो शब्द उच्चारणे राजकीयदृष्ट्या अशक्य होते. म्हणून १९७३ मध्ये जी ‘इन्व्हिन्सिबल’ बांधायला दिली तिला ‘सलग डेकची क्रूझर’ म्हटले गेले. १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात तिच्या डेकवरून विमाने उडाली तेव्हा हा आडपडदा उरला नाही. जपानची राज्यघटना युद्धाचा त्याग करते. त्यामुळे तेथे सगळ्या मोठ्या लढाऊ जहाजांना एकच सौम्य शब्द आहे, ‘गोएइकान’, म्हणजे रक्षक जहाज. २०१३ मध्ये पाण्यात सोडलेली, २४८ मीटर लांबीची, सपाट डेकची ‘इझुमो’ ही ‘हेलिकॉप्टर विनाशिका’ म्हणून नोंदली गेली. २०१८ च्या अखेरीस तिच्यावरून एफ-३५बी विमाने उडवता येतील असे बदल करण्याचा निर्णय झाला आणि २०२१ मध्ये अशी विमाने तिच्यावर उतरलीही. तरीही ‘विमानवाहू’ हा शब्द वापरावा की नाही, यावर जपानच्या संसदेत जो वाद झाला तो केवळ शब्दच्छल नव्हता. एका राष्ट्राने स्वतःला दिलेले वचन त्या शब्दाच्या आधाराने उभे आहे. शब्द हलला तर वचनही हलते. ढोंग आणि संयम यांच्यातली सीमा येथे फार पुसट आहे.

अमेरिकेने १९२० मध्ये दोन-तीन रोमन अक्षरे आणि क्रमांक यांची संकेतपद्धती काढली : ‘बीबी’ म्हणजे बॅटलशिप, ‘डीडी’ म्हणजे डिस्ट्रॉयर, ‘सीव्ही’ म्हणजे विमानवाहू नौका. अक्षरे तटस्थ वाटतात, पण तीही राजकारणातून सुटली नाहीत. १९५०च्या दशकापासून अमेरिकेत फ्रिगेट म्हणजे विनाशिकेहून मोठे जहाज, तर युरोपात विनाशिकेहून लहान. शीतयुद्धात दोन्ही बाजूंच्या क्रूझरांची मोजदाद करणारी कोष्टके छापली जात आणि त्यांत अमेरिका मागे दिसे, कारण तिची क्रूझरसारखी जहाजे ‘फ्रिगेट’च्या रकान्यात होती. ३० जून १९७५ रोजी एका हुकुमाने बहुतेक मोठ्या फ्रिगेटी क्रूझर झाल्या आणि लहान रक्षक जहाजे फ्रिगेट झाली. एकाही जहाजाची लांबी बोटभरही वाढली नाही, एकही तोफ नवी बसली नाही. उणीव मात्र भरून निघाली.

आपल्या किनाऱ्यावरची परिभाषा

हे सगळे वाचल्यावर साहजिकच मनात येते : आपल्या भाषेत या गोष्टींसाठी काय होते? ‘आरमार’ हा शब्दच पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून आलेला. पण त्याच्या पोटातली परिभाषा समृद्ध होती. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या आरमाराचे वर्णन करताना गुराबा, तरांडी, गलबते, शिबाडे अशा जातींची नावे घेते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या, १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात वर्गीकरणाचे तत्त्वही आहे. गुराबा मध्यम आकाराच्या असाव्यात, गलबतेही तशीच. वाऱ्यावाचून जी चालणारच नाहीत अशी थोर जहाजे करू नयेत, असे अमात्य सांगतात. अशा जहाजांत ते ‘फरगात’ हा प्रकार घेतात. हा शब्द म्हणजे पोर्तुगीज वाटेने आलेली फ्रिगेटच होय. आज आपण ‘फ्रिगेट’ला प्रतिशब्द शोधतो, मराठीने तो शब्द तीन शतकांपूर्वीच पचवला होता आणि ती वस्तू नाकारलीही होती. पुढे अमात्य पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा असे सुचवतात. येथे जहाज एकटे मोजलेले नाही; गुराब आणि गलबत यांचे नाते मोजलेले आहे.

हे नाते काय होते ते अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने नोंदवून ठेवले आहे. गुराबेला दोन, क्वचित तीन डोलकाठ्या. तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची, दोनांची १५० टनांपर्यंत. बूड उथळ, रुंदी भरपूर, पुढे गलबताच्या चोचीसारखे निमुळते नाक आणि त्यावरून समोर मारा करणाऱ्या दोन जड तोफा. गलबत त्याहून लहान, सहसा ७० टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबतांनी गुराब ओढायची, शत्रूचे अवजड जहाज जागीच खिळलेले असताना त्याच्या पिछाडीवर तोफा डागायच्या आणि मग त्यावर माणसे चढवायची. म्हणजे तोफांच्या संख्येवर बसवलेले इंग्रजी दर्जे आणि वारा-वल्हे यांच्या मेळावर बसवलेली मराठी जात ही दोन वेगळ्या समुद्रांची व्याकरणे होती. कोकणच्या उथळ खाड्या, पडणारा वारा आणि जवळचा किल्ला या तिन्ही गोष्टी ‘गुराब’ या एका शब्दात गृहीत होत्या. ज्यांनी मराठ्यांची जहाजे इंग्रजी दर्जाने मोजून ती क्षुद्र ठरवली, त्यांनी ओवीला पयाराच्या मापाने मोजण्याची चूक केली.

‘गुराब’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ कावळा. इंग्रजांनी त्याचा ‘ग्रॅब’ केला आणि गलबताचा ‘गॅलिव्हॅट’. या जहाजांशी लढताना ती त्यांना इतकी पटली की मुंबईकर कंपनीने स्वतःसाठीही ग्रॅब बांधल्या. पण जहाजांच्या नावांपेक्षा अधिक परिणामकारक ठरले ते जहाजवाल्यांचे वर्गीकरण. क्लेमंट डाउनिंग या इंग्रजाने १७३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच आंग्रे यांना ‘चाचे’ म्हटलेले आहे. कान्होजी आंग्रे हे छत्रपती शाहूंचे सरखेल होते; त्यांचे दस्तक घेऊन जाणाऱ्या जहाजाला ते त्रास देत नसत, न घेता जाणाऱ्याला धरत. हीच रीत पोर्तुगीजांनी चालवली तेव्हा तिला सत्ता म्हणाले, आंग्र्यांनी चालवली तेव्हा चाचेगिरी. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात युद्धजहाजाची जी व्याख्या आहे तिच्यात तोफांचा उल्लेखच नाही. जहाज राष्ट्राच्या सशस्त्र दलाचे असावे, त्यावर राष्ट्राची खूण असावी, अधिकारी राज्याने नेमलेला असावा आणि खलाशी शिस्तीखाली असावेत, एवढेच ती मागते. शाहूंच्या सरखेलाची गुराब या व्याख्येपासून फार दूर होती असे आम्हांला वाटत नाही. पण व्याख्या करण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो त्याच्याच जहाजाला ‘युद्धजहाज’ म्हणतात. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या आगीत पेशव्यांचाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही. जहाजांबरोबर शब्दही गेले. गुराब आणि शिबाड कोशात उरले. गलबत उरले ते कोणत्याही जुन्या जहाजाचे सरसकट नाव होऊन.

ही हानी साधी नाही. आज आपला विद्यार्थी ऐतिहासिक कादंबरीत ‘गलबत’ वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे इंग्रजी चित्रपटातले तीन मजली, शिडांचे जहाज उभे राहते. वल्ही दिसत नाहीत, ओढली जाणारी गुराब दिसत नाही. मग आज्ञापत्रातला पाच आणि पंधरा हा हिशेब त्याला अर्थहीन वाटतो आणि ते प्रकरण वर्गात केवळ अभिमानाने उद्धृत करण्यापुरते उरते. इंग्रजी साधनांचे मराठी भाषांतर करताना ‘ग्रॅब’ हा शब्द परका समजून तसाच ठेवलेला किंवा त्याचे ‘जहाज’ केलेले आढळते. आपलाच शब्द परदेशी वेषात परत आला तर आपल्याला ओळखू येत नाही.

वर्गीकरणाचा हा खेळ आजही थांबलेला नाही. १९७२ मध्ये नौदलात आलेली पहिली ‘आयएनएस निलगिरी’ आणि १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नौदलात आलेली नवी ‘आयएनएस निलगिरी’ या दोन्ही माझगाव गोदीत बांधलेल्या, दोन्ही फ्रिगेटच. पहिली सुमारे ३,००० टनांची, दुसरी दुपटीहून जड. शब्द तोच राहतो आणि वस्तू त्याच्या आत वाढत जाते, हा भाषेचा नेहमीचाच अनुभव. त्यात फसवणूक असतेच असे नाही. कित्येकदा शब्द केवळ सवयीने टिकतो, कित्येकदा सोयीने आणि काही वेळा हेतुपुरस्सर.

या तिहींतला फरक ओळखणे हे वाचकाचे काम आहे, आणि वाचन शिकवणे हा आपला व्यवसाय आहे. वर्तमानपत्रात ‘संरक्षक’, ‘हलकी’, ‘साहाय्यक’ अशी विशेषणे लावलेल्या जहाजाची बातमी आली, किंवा बखरीत ‘गलबत’ हा साधा शब्द भेटला, तर दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच विचारायचा आहे : हे नाव कोणी दिले, कोणत्या मापाने दिले आणि त्या मापात काय मोजायचे राहून गेले? कॅरोनेड मोजल्या नाहीत तर अडतीस म्हणजे सेहेचाळीस असतात. शब्दांच्या बाबतीतही न मोजलेल्या तोफा पुष्कळदा वरच्याच डेकवर उभ्या असतात.